फर्म सोडून सांगलीत स्वतःची वकिली: या वाटेने कोण गेलंय?

तंबोरा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी मूळची मिरजेची. घरात माझ्याआधी कोणी वकील नाही, बाबा शाळेत शिक्षक होते. पुण्यात लॉ केलं आणि गेली सहा-सात वर्षं मुंबईत एका मोठ्या फर्मच्या लिटिगेशन टीममध्ये आहे. काम म्हणजे कंपन्यांमधले करारभंगाचे दावे, लवाद, थोडंफार एनसीएलटी (कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण). पैसे चांगले मिळतात आणि वेळेवर मिळतात. तक्रार पैशाची नाहीच.

तक्रार अशी की इतक्या वर्षांत मी एकाही साक्षीदाराचा उलटतपास घेतलेला नाही. ब्रीफ मी तयार करायचं, तारखांची जंत्री मी लावायची, निवाडे मी शोधायचे, आणि कोर्टात सिनिअर कौन्सेल उभे राहिले की मागच्या खुर्चीतून चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या. स्वतः उभी राहिले ती बहुतेक वेळा मुदत मागायला. पार्टनर व्हायला अजून काही वर्षं आहेत, आणि जे झालेत त्यांच्याकडे बघितलं तर ते वकिली कमी आणि फर्मसाठी ग्राहक गोळा करण्याचं काम जास्त करतात.

परत यावं असं आधीही वाटायचं. पण सांगलीत राहून हायकोर्टाचं काम करायचं म्हणजे महालक्ष्मीने मुंबईच्या चकरा, त्यामुळे विचार तिथेच थांबायचा. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहाही जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथे. मिरजेहून तास-सव्वा तासात हायकोर्ट! नवऱ्याचं काम घरून चालतं, त्यामुळे घर हलवणं अवघड नाही.

भीती मात्र भरपूर आहे. पहिली दोन वर्षं उत्पन्न कुठून येणार? कोणा सिनिअरकडे बसायचं की थेट पाटी लावायची? मी मराठीत एकही दावा लिहिलेला नाही, तो कसा जमणार? आणि फर्ममधले ज्यांच्याशी चांगले संबंध आहेत अशा ग्राहकांचं काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा. "हिंमत करा, सगळं होतं" असले प्रतिसाद नकोत, ते नातेवाईक देतायत.

पेठकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझीही हीच अवस्था, फक्त फर्म पुण्यात आणि गाव वाई.

कोर्टपक्षी

सांगलीत वकिली करून वीसएक वर्षं झाली, म्हणून अधिकाराने लिहितो. वयाने मोठा आहे, अगं-तुगं केलेलं चालेल ना?

पहिलं वर्ष रिकामं जातं. विजयनगरच्या कोर्टात सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) सुरू होतं, तुझं एकच प्रकरण असतं, ते पुकारून दोन मिनिटांत पुढची तारीख पडते आणि अख्खा दिवस समोर पसरलेला असतो. मुंबईत तासाचा हिशोब ठेवायची सवय लागलेल्या माणसाला हे फार जड जातं. त्या वेळात बाररूममध्ये चहा पीत बसण्यापेक्षा ज्या कोर्टात चांगल्या वकिलाचा उलटतपास असेल तिथे मागे जाऊन बस. रोजनामा कसा लिहिला जातो, निशाणी कशी पडते, नकलेचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकतो, नाझराकडे बेलिफाचा भत्ता कधी भरायचा, हे कुठल्याही फर्ममध्ये शिकवत नाहीत आणि इथे याच गोष्टींवर पक्षकाराची तारीख वाया जाते.

आता काम कुठून येतं ते. सगळ्यात आधी नात्यागोत्यातून येतं आणि ते फुकट असतं. मामाच्या बांधाचा वाद, आत्याच्या दिराचं भाडेकरू प्रकरण. कर, पण आठवड्यातून एकच. दुसरं काम इतर वकिलांकडून येतं. कोणाला त्याच दिवशी विट्याला किंवा जतला जायचं असतं, तो सांगतो माझी इथली तारीख सांभाळ. यात पैसे कमी, पण न्यायाधीशांना तुझा चेहरा कळतो. तिसरं, पतसंस्था आणि बँका. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांना तोटा नाही. कर्जाआधी मालमत्तेचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज. काम कंटाळवाणं आहे, पण महिन्याचं भाडं यातून सुटतं.

आणि चौथं, चेकचे खटले. तासगाव, पलूस, मिरज पूर्व भागात द्राक्ष आणि बेदाणा. परराज्यातला व्यापारी बागेत येतो, माल उचलतो, थोडे रोख देतो आणि बाकीचा चेक. चेक परत येतो. चेक न वटण्याच्या कलम १३८ चं गणित तुला पाठ असेल: चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर महिन्याभरात फिर्याद. पण शेतकरी तुझ्याकडे येतो तो व्यापाऱ्याच्या "देतो की मालक" वर विसंबून ३० दिवस घालवूनच. अशा वेळी चेकची ३ महिन्यांची मुदत शिल्लक आहे का ते आधी बघायचं. असेल तर चेक पुन्हा भरायला लावायचा, परत आला की नव्याने नोटीस. २०१५ च्या दुरुस्तीनंतर फिर्याद शेतकऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीत करता येते, त्यामुळे दिल्लीला जावं लागत नाही. मात्र समन्स परराज्यात बजावून आणणं ही खरी लढाई आहे. ते ज्याला जमतं त्याच्याकडे अख्खं गाव येतं.

बाकीच्या प्रश्नांवर रात्री लिहितो, आत्ता पुकारा होईल.

नकारघंटा

सगळे छान छान लिहितील म्हणून मी उलट बाजू मांडतो. सांगलीत वकील काय कमी आहेत? जे चालतात त्यांच्यातले निम्मे वडिलांच्या खुर्चीवर बसलेत. पक्षकार आडनाव बघून येतो, "कुणाच्यातले तुम्ही?" हा पहिला प्रश्न असतो. तुमच्या मागे ना चेंबर, ना राजकारण, ना कारखाना. मुंबईतला अनुभव इथे कोणी विचारणार नाही. त्यात सर्किट बेंचच्या भरवशावर निर्णय घेताय. कोल्हापूरचे वकील चाळीस वर्षं त्यासाठी आंदोलन करत होते, ते तुम्हाला जागा करून द्यायला नव्हे. फर्ममध्येच राहा, सुट्टीत गावी या, भडंग खा आणि परत जा.

तंबोरा

नकारघंटा, आयडीला जागलात. पण प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. "कुणाच्यातले तुम्ही" ला काय सांगायचं हे खरंच कोणी सांगेल का?

जाईजुई

मी सांगते. मी साताऱ्यात, सदर बझारच्या कोर्टात वकिली करते. पहिल्या पिढीतली, आणि बाई. त्यामुळे माझ्याकडे त्या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न येतो: "मोठे वकील कधी येणारेत?" एकदा तर पक्षकाराने माझ्याच टेबलासमोर बसून, माझ्याच पाटीखाली हे विचारलं. मी म्हटलं, आलेत, बोला.

हसू येतं, पण याचा परिणाम कामावर होतो. सुरुवातीला माझ्याकडे फक्त घटस्फोट, पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं यायची. बाईकडे बाईची कामं, असं लोकांनी परस्पर ठरवलेलं. जमिनीचं काम कोणी देईना. मग मी महसुली बाजूने शिरले. तहसीलदार, प्रांत, कलेक्टर यांच्यापुढची कामं बरेच वकील कमी दर्जाची समजतात, तारखा वेळीअवेळी लागतात, साहेब दौऱ्यावर गेले की दिवस वाया. म्हणूनच तिथे नवीन माणसाला वाव आहे. शेताचा रस्ता अडवला की मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ चं कलम ५, त्यात अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. फेरफारावर हरकत, मग प्रांताकडे अपील. कोयनेच्या धरणग्रस्तांची पुनर्वसनाची प्रकरणं साताऱ्यात अजून चालू आहेत, तिसरी पिढी कागद घेऊन फिरते. अशा एका आजोबांचं काम केलं. त्यांनी नंतर पाटणच्या बाजूने इतकी माणसं पाठवली की "कुणाच्यातल्या" हे विचारायचं लोकांनी सोडलं. आता मी "त्या आजोबांचं काम केलेल्या मॅडम" आहे.

अजून एक. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गरजूंना मोफत वकील देतं, त्यांच्या पॅनलवर नाव दे. मानधन किरकोळ आणि उशिरा मिळतं, पण तुला उलटतपास घ्यायचाय ना? तिथे पहिल्याच वर्षी मिळेल. (एलएडीसी, म्हणजे प्राधिकरणाचे बचाव पक्षाचे वकील, ते वेगळं, ती पूर्णवेळ नेमणूक आहे, त्यात खासगी वकिली करता येत नाही. बरेच जण गल्लत करतात.)

हळदीभाव

मी वकील न्हाई. हळदीचा आणि बेदाण्याचा व्यापार आहे, त्यामुळं वकिलाच्या खुर्चीसमोर बसून बसून पँट झिजली. गिऱ्हाइकाच्या बाजूनं चार शब्द लिहू का?

आमाला काय पायजे सांगतो. फोन उचला. लगेच न्हाई उचलला तर संध्याकाळी उलटा करा. कोर्टात काय झालं ते आमाला कारकुनाकडनं न्हाई, तुमच्याकडनं कळू दे. आता मोबाईलवर ईकोर्ट्सच्या ॲपमधी तारीख आमाला पण दिसती की ओ. "साहेब रजेवर हुते" म्हणून वकील सांगतोय आणि ॲपमधी "वकील गैरहजर" लिवलंय, असं झाल्यावर कसा विश्वास ठेवायचा?

दुसरं, पैशाचं. आमी वकिलाला पैसे द्यायला मागंपुढं बघतो असं तुमी लोक म्हणता. खोटं न्हाई. पण का? कारण किती लागणार हेच कोण सांगत न्हाई. वकीलपत्राला इतके, मग "जरा खर्चाला द्या", मग तारखेला पाचशे, मग अर्जाला वेगळे. मार्केट यार्डात सौद्याला दर फुटल्याशिवाय माल हलत न्हाई, आणि हितं केस संपेपर्यंत दर कळत न्हाई. मॅडम, तुमी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या की नोटिसीचे इतके, फिर्याद दाखल करायचे इतके, पुराव्याचे इतके. लै लोक येतील. आणि केस लढवण्यासारखी नसंल तर नाही म्हणून सांगा, त्या सांगण्याचे पण पैसे घ्या. मी देईन. माझे दोन लाख वाचवले तर पाच हजार द्यायला काय जातंय.

पेठकर

हळदीभाव, हा प्रतिसाद फ्रेम करून चेंबरात लावायला हवा.

रेघोटी

सीए आहे, म्हणून हिशोबाचं तेवढं सांगतो.

तुम्ही फर्ममध्ये बहुधा पगारदार नसणारच. बहुतेक फर्म असोसिएटला व्यावसायिक फी देतात आणि प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापतात. म्हणजे करापुरतं बोलायचं तर तुम्ही आधीपासूनच स्वतंत्र व्यावसायिक आहात, नवीन काही नाही. फरक इतकाच की आता कापणारा कोणी नसेल. शेतकऱ्याने दिलेल्या फीवर टीडीएस नाही, त्यामुळे मार्चमध्ये कर स्वतः भरावा लागेल आणि तो पैसा तोवर खर्च झालेला असतो. आलेल्या प्रत्येक फीतला ठरावीक भाग वेगळ्या खात्यात टाका.

कलम ४४एडीए ची सोपी पद्धत वापरा. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख) तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या सांभाळायची कटकट नाही. आगाऊ करही एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. पण सुरुवातीला तुमचा खर्च निम्म्याहून जास्त असेल, तेव्हा पहिल्या वर्षी दोन्ही पद्धतींनी हिशोब करून बघा. हे कलमांचे आकडे जुन्या कायद्यातले, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ते वेगळे आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

जीएसटीची धास्ती नको. वकिलाने सामान्य माणसाला दिलेली सेवा करमाफ आहे, आणि मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या धंद्याला दिली तर कर तो धंदा भरतो, वकील नाही.

बाकी व्यक्तिगत मत: दीड वर्षाचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. ऑफिसचा खर्च त्यात धरू नका, तो वेगळा.

कलमदान

मी फर्म सोडून आता कोल्हापुरात आहे, तेव्हा ग्राहकांच्या प्रश्नावर मी बोलायला हवं.

तुमच्या करारात "सोडल्यावर दोन वर्षं आमच्या ग्राहकांचं काम घेणार नाही" असं कलम असेल. काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ पुढे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंधनं सहसा टिकत नाहीत. पण ते टिकतं की नाही हे तपासायला जाऊच नका. मुंबईतले तेच पार्टनर उद्या तुम्हाला कोल्हापूरच्या बेंचपुढचं काम देणार आहेत. माझी पहिल्या वर्षीची निम्मी कमाई जुन्या सहकाऱ्यांनी पाठवलेल्या कामातून झाली. निघताना ग्राहकांना स्वतःहून फोन करायचे नाहीत. ग्राहक आपणहून आला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३९ आहेच: आधीच्या वकिलाचं वकीलपत्र असेल तर त्याची संमती घ्या, ती मिळत नसेल तर कारण देऊन कोर्टाकडे अर्ज करा. इथल्या भाषेत एनओसी. नियम ३३ पण बघा. ज्याच्या बाजूने तुम्ही सल्ला दिला किंवा प्लीडिंग लिहिलं, त्याच प्रकरणात त्याच्या विरोधात उभं राहता येत नाही. फर्म मोठी असेल तर ही यादी लांब असते, तेव्हा निघण्याआधी तुम्ही हाताळलेल्या प्रकरणांची नुसती नावं लिहून ठेवा. नावंच. ड्राफ्ट, ओपिनियन, काहीही पेनड्राइव्हवर घेऊ नका. ती ग्राहकाची गुपितं आहेत, तुमची मालमत्ता नाही.

जाहिरातीचंही सांगतो, कारण मुंबईहून येणाऱ्यांना लिंक्डइनची सवय असते. नियम ३६ खाली जाहिरातीला बंदी आहे. पाटी माफक आकाराची. २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट चालते, पण त्यावर नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढंच. "अमुक केस जिंकली" असं टाकलंत तर स्थानिक बारमधलाच कोणीतरी तक्रार करेल. आणि अपघाताच्या प्रकरणांत टक्केवारीवर फी घेणं सर्रास चालतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. नियम २० ने निकालातल्या वाट्यावर फी घ्यायला मनाई आहे.

नकारघंटा यांच्या मुद्द्यावर: कोल्हापूरचे वकील जागा करून देत नाहीत हे खरं, पण सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या बेंचच्या त्या जुन्या इमारतीत सध्या सगळेच नवे आहेत. मुंबईत हायकोर्टात पहिल्यांदा उभं राहताना ज्युनिअरला जी धडकी भरते ती इथे जिल्हा कोर्टातून आलेल्या पन्नाशीच्या वकिलांनाही भरते. रिट पिटीशन कसं बांधायचं, ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या कार्यालयाने कागदांत दाखवलेल्या त्रुटी) कशी दूर करायची, हे ज्याला येतं त्याच्याकडे सांगली-साताऱ्याचे वकील स्वतःहून ब्रीफ घेऊन येतायत. तुमच्या आतापर्यंतच्या कामाची किंमत असेल तर ती इथे आहे, आणि ती आत्ता आहे. पाच वर्षांनी असेलच असं नाही.

नकारघंटा

कलमदान, शेवटच्या दोन वाक्यांना नाइलाजाने +१. बाकी माझं म्हणणं कायम.

आयर्विन

कायद्यातलं मला काही कळत नाही, मी सांगलीच्या गावभागात राहतो. ऑफिस घेताना एकच बघा: पाणी. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं. मारुती रोड, हरभट रोडला तळमजल्यावर भाडं कमी दिसलं तर का कमी आहे ते विचारा. आमच्या गल्लीत एका वकिलांच्या फाइली नंतर आठवडाभर दोरीवर वाळत होत्या. पक्षकार येऊन आपापली फाइल ओळखत होते.

तंबोरा

आयर्विन 😄 पण आमच्या मिरजेतल्या मावशीनेही हेच सांगितलं, "वरचा मजला बघ." सगळ्यांचे आभार. जाईजुई, "आलेत, बोला" हे मी पाठ करून ठेवलंय.

कोर्टपक्षी, रात्री लिहितो म्हणाला होतात. सिनिअरचा आणि मराठीचा प्रश्न राहिलाय.

कोर्टपक्षी

विसरलो नव्हतो, साताऱ्याला लग्न होतं.

सिनिअर: हो, एक वर्ष बस. पण सात वर्षं काम केलेल्या माणसाने बसायचं ते पहिल्या वर्षाच्या पोरासारखं नव्हे. आधी स्पष्ट बोलून घे: तुमचं दिवाणी काम मी करीन, माझी स्वतःची प्रकरणं मी वेगळी घेईन, आठवड्यातला एखादा दिवस कोल्हापूरला जाईन. जो सिनिअर याला कबूल होत नाही त्याच्याकडे जाऊ नको. पैशाची अपेक्षा धरू नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलंय, ज्युनिअरला शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत म्हणून. सक्ती नाही, शिफारस आहे. इथे कोणी ते वाचलेलं मला तरी आढळलं नाही. तुला सिनिअरकडून पैसा घ्यायचा नाहीच, त्याच्या कपाटातल्या जुन्या फाइली आणि कारकून घ्यायचाय. चांगला कारकून वकिलाला पाच वर्षं पुढे नेतो, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

मराठी: घाबरू नको, पण हलक्यातही घेऊ नको. मुंबईचे ड्राफ्ट साठ-साठ पानांचे असतात. इथे दिवाणी न्यायाधीशांसमोर रोजचं बोर्ड इतकं मोठं असतं की वाटणीचा दावा आठ-दहा पानांत बसला पाहिजे: वंशावळ, मिळकतीचं वर्णन चतु:सीमेसह, मिळकत एकत्र कुटुंबाची कशी, वाटणी मागितली कधी आणि नाकारली कधी, दाव्यास कारण, मुदत, मूल्यांकन, विनंती. एवढंच. जुने निकाल लागलेले दावे घे, त्यातली दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, निकालपत्र ओळीने वाच. कुठलं वाक्य निकालात कामाला आलं आणि कुठलं वाया गेलं ते लगेच दिसतं. मी अजून नव्या ज्युनिअरला आधी निकालपत्र वाचायला लावतो आणि मग दावा.

साक्षीच्या भाषेचं मात्र वेगळं आहे. सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष, शपथपत्रावर येतो, तो आपण लिहिलेला असतो. उलटतपासात समोर जतचा शेतकरी असतो. त्याला "आपण सदर मिळकतीच्या कब्जाबाबत काय सांगू इच्छिता" विचारलंस तर तो तुझ्याकडे बघत राहील. "रान कोण कसतंय?" विचार. हे बसून ऐकल्याशिवाय येत नाही, म्हणूनच वर म्हटलं मागे जाऊन बस.

आता एक गोष्ट जी कोणी सांगितली नाही. तुझं लवादाचं काम इथे उपयोगाचं नाही असं तू धरून चालली आहेस. उलट आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गात आपल्या जिल्ह्यातल्या किती जमिनी गेल्या बघ. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात मोबदला पटला नाही तर कलम ३जी(५) खाली लवादाकडे जावं लागतं, आणि त्या लवादाच्या निवाड्याला आव्हान म्हणजे आर्बिट्रेशन ॲक्टचं कलम ३४, तेही जिल्हा न्यायालयात. ३ महिन्यांची मुदत, वर फार तर ३० दिवस, त्यापुढे उशीर माफ होतच नाही. इथले भले भले वकील ते साध्या अपिलासारखं चालवायला जातात, पुरावा नव्याने तोला म्हणतात आणि कलम ३४ च्या चौकटीत न बसल्याने हात हलवत परत येतात. तुझ्या हातात हे रोजचं काम आहे. वाणिज्य दाव्यांचंही तेच. ३ लाखांच्या वरचा व्यापारी वाद वाणिज्य दाव्यात मोडतो, तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची, आणि कैफियत १२० दिवसांत आली नाही तर दार बंद. हळदीभावसारख्या व्यापाऱ्यांचे दावे या तीन गोष्टींवर पडताना मी पाहिलेत.

हळदीभाव

माझंच नाव घ्या. पण खरं आहे, एक दावा मध्यस्थीला न जाता घातला म्हणून परत आला. त्या वकिलानं मला ह्यातलं कायच सांगितलं न्हवतं.

जाईजुई

कोर्टपक्षी, महामार्गाचा मुद्दा साताऱ्यालाही लागू आहे. आणि वाटणीच्या दाव्यात एक भर: वारस बहिणी मुंबई-पुण्याला असतात, त्यांना पक्षकार करायला भाऊ तयार नसतो, "तिनं हक्कसोड दिलंय की" म्हणतो. कागद बघितल्याशिवाय दावा लिहू नकोस. निम्म्या वेळा ते हक्कसोडपत्र नोंदवलेलंच नसतं.

पेठकर

एक शंका. कोणी थेट जिल्ह्यात न येता फर्मचं काम अर्धवेळ चालू ठेवून बघितलंय का?

कलमदान

मी सहा महिने तसं केलं, फर्म चांगली होती म्हणून जमलं. पण मुंबईची व्हिडिओ कॉन्फरन्स आणि इथली तारीख एकाच वेळी लागते, आणि आपण नेहमी मुंबईला झुकतं माप देतो कारण तिथून पैसे येतात. इथल्या पक्षकाराला ते लगेच कळतं. ठरावीक प्रकरणांपुरती फी ठरवून काम घ्या, मासिक रिटेनर नको.

तंबोरा

सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. सध्या असं ठरतंय: राजीनामा आत्ता नाही. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, तो मार्चअखेर संपेल असा द्यायचा, म्हणजे रेघोटी यांच्या हिशोबालाही बरं. तोवर खर्चाची रक्कम पूर्ण होईल. सांगलीत एका सिनिअरशी बोलणं झालंय, त्यांना कोर्टपक्षींनी लिहिलेल्या अटी जशाच्या तशा सांगितल्या. ते म्हणाले, "कोल्हापूरचा वार आधी ठरवून सांग, म्हणजे मी त्या दिवशी तुझ्या भरवशावर राहणार नाही." मला हे उत्तर आवडलं. फीचा तक्ता करायला घेतलाय, हळदीभाव, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तुमच्या नजरेने एकदा बघा. विधी सेवेच्या पॅनलसाठी अर्ज सांगलीला आल्याबरोबर करणार.

नकारघंटा, तुमचा प्रश्न सुटलेला नाही, पण जाईजुईच्या आजोबांवर सध्या माझी भिस्त आहे.

दिवाळीत मिरजेला येतेय, तेव्हा कोर्टात चक्कर मारीन म्हणते.

कोर्टपक्षी

दिवाळीत येऊन काय बघणार, कोर्टाला सुट्टी असते. आधीच्या आठवड्यात ये. सुट्टीपूर्वीचं बोर्ड बघण्यासारखं असतं, सगळ्यांना तातडीची मनाई त्याच दोन दिवसांत हवी असते.

आयर्विन

विजयनगरला कोर्टाजवळ दुसऱ्या मजल्यावर एक खोली ओळखीत आहे. पाण्याचा प्रश्न नाही. लिफ्ट नाही.

हळदीभाव

वाटणीच्या दाव्याला सगळी गुडघं दुखणारी माणसं येत्यात ओ. लिफ्ट बघा.